रंग सोडून बाकी सगळं

लिलावाच्या यादीत त्या जुन्या लष्करी गाडीला जेमतेम एक ओळ मिळाली होती. लॉटचा क्रमांक, पुढे ‘जोंगा, पेट्रोल’, अवस्थेच्या रकान्यात ‘बीईआर’, म्हणजे हिच्यावर दुरुस्तीचा खर्च करणं आता परवडत नाही असं सैन्याने ठरवलेलं. शेवटी प्रत्येक लॉटखाली असतं तेच वाक्य: जशी आहे, जिथे आहे. साधारण 2010 च्या सुमाराची ही गोष्ट. यादी एमएसटीसीची होती. भंगाराच्या व्यापारासाठी 1964 साली निघालेली ही केंद्र सरकारची कंपनी. सरकारी खात्यांनी काढून टाकलेला माल ई-लिलावाने विकायचं बरंचसं काम तिच्याकडे असतं. त्या यादीत जुने टायर होते, बॅटऱ्या होत्या, ट्रकांचे सांगाडे होते. त्यांच्यामध्ये ही.

मला जोंगाच हवी होती. माझे वडील अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत टर्नर होते. त्या भागाला नागपुरात सगळे ‘डिफेन्स’च म्हणतात. 1966 साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात दारूगोळ्याचे धातूचे भाग बनतात हे साऱ्या गावाला माहीत, पण आमच्या बाबांच्या लेथवर नेमकं काय फिरतं हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही, आणि आईने कधी विचारलं नाही. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा आत जायचा, संध्याकाळी तोच बाहेर यायचा. बाबांनी नोकरीत केलेली एकही वस्तू मला हातात धरून पाहता आली नाही. ती कुठे गेली, कोणाच्या उपयोगी पडली, कळायची सोय नव्हती. जबलपूरला मात्र त्यांच्यासारख्याच कामगारांनी केलेली एक वस्तू होती आणि ती लिलावातून का होईना, तुमच्या-माझ्या अंगणापर्यंत येऊ शकत होती.

1962 च्या युद्धात आपल्या सैन्याकडे डोंगरात चालतील अशा गाड्या किती अपुऱ्या आहेत ते दिसलं. त्यानंतरच्या वर्षांत निसानच्या ‘पट्रोल’ (इंधन नव्हे, गस्त या अर्थाचं Patrol) या मॉडेलचा परवाना घेतला गेला आणि तिच्यावरून जोंगा तयार झाली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांतली अक्षरं जुळवून नाव ठेवलेलं. जबलपुरात तोफगाडे बनवणारा कारखाना 1904 पासून होताच. 1969 साली त्याच गावात व्हेईकल फॅक्टरी सुरू झाली आणि तिथून शक्तिमान ट्रक, निसानचा वन-टन आणि ही जोंगा बाहेर पडू लागली. 1999 पर्यंत ती बनत होती. पुढे हलक्या गाड्यांची बरीच कामं मारुतीच्या जिप्सीकडे गेली. जोंगाचं इंजिन सहा सिलिंडरचं, 3956 सीसीचं, पेट्रोलवर चालणारं. त्या काळच्या साध्या जीपचं इंजिन याच्या जवळपास निम्म्या आकाराचं असायचं, त्यामुळे जीप चालवलेला माणूस जोंगात बसला की पहिल्या चढावरच गप्प होतो.

पाहणीच्या दिवशी मी आमच्या मिस्त्रींना घेऊन त्या डेपोत गेले. कमरेइतकं गवत आणि त्यात ओळीने उभ्या गाड्या. बाकी सगळे खरीदार भंगाराचे व्यापारी. त्यांच्या हातात चुंबक. बॉडीला लावायचं, गिअरबॉक्सला लावायचं, चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम किंवा पितळ. रेडिएटरकडे बघून तांब्याचा अंदाज घ्यायचा आणि पाठकोऱ्या कागदावर किलोंची बेरीज मांडायची. त्यांच्या धंद्याचा हिशेब असाच चालतो आणि तो चोख असतो. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. शंभर गाड्यांमधल्या ज्या नव्याण्णवांना कोणी विचारणार नाही, त्यांचं लोखंड तरी ते वाया जाऊ देत नाहीत.

आमच्या लॉटसमोर मिस्त्री उभे राहिले आणि काचेकडे बघतच बसले. “हे काच कोनी कापली जी अशी मधातून?”

समोरची काच अखंड नव्हती. डावी एक, उजवी एक, आणि मध्ये वरपासून खालपर्यंत वीतभर रिकामी फट. कापलेली नव्हती, चौकटच तशी घडवलेली होती. आत वाकून पाहिलं तर मागच्या पत्र्यावर जाड पट्ट्या आणि बोल्टची भोकं. डेपोतला एक वयस्क कर्मचारी जाता जाता म्हणाला, “आरसीएलवाली है.”

आरसीएल म्हणजे रिकॉइललेस तोफ, 106 मिलिमीटरची. नळीचा खरा व्यास 105 च्या घरातला, पण त्याच मापाच्या आधीच्या एका तोफेच्या गोळ्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून नावात 106 ठेवलं गेलं. साध्या तोफेचा गोळा पुढे सुटतो तेव्हा तोफ मागे उसळते. तो धक्का झेलायला जड तोफगाडा लागतो. रिकॉइललेस तोफेच्या मागच्या टोकाला वाट मोकळी असते. स्फोटाचा वायू तिकडून बाहेर पडतो आणि धक्का सावरला जातो. म्हणून दोनशे किलोंच्या आसपासची ही तोफ जीपवर बसवता येते. पण मागून निघणाऱ्या त्या झोतात माणूस सापडला तर जगत नाही, आणि झोताने उडालेली धूळ शत्रूला जागा दाखवून देते. एक गोळा मारायचा आणि गाडी तिथून हलवायची, असंच हे काम. ड्रायव्हर आणि तोफची एकमेकांवर किती विसंबून असतील! सव्वातीन मीटरहून लांब असलेल्या त्या तोफेची नळी समोर बॉनेटवर यायची, तिच्यासाठी काचेत ती फट.

10 सप्टेंबर 1965 ला खेमकरण भागात, चीमा गावाजवळच्या उसाच्या शेतांत, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद अशाच तोफेच्या जीपवर होते. चार ग्रेनेडियर्स ही त्यांची पलटण. पॅटन रणगाडे टिपता टिपता त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ग्रेनेडियर्सचं केंद्र जबलपूरलाच आहे, आणि आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्यावर प्रादेशिक सेनेची जी बटालियन आहे तीही ग्रेनेडियर्सचीच. 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला किल्ला लोकांसाठी उघडतो तेव्हा लहानपणी आम्ही दरवेळी जायचो, पण तिथल्या जवानांच्या खांद्यावरचं नाव कधी वाचलं नव्हतं. ती फट पाहिल्यावर घरी येऊन हे सगळं वाचत बसले. माझी गाडी त्या युद्धातली नव्हे, ती पुष्कळ नंतरची. तिच्यावरून कधी गोळा सुटला का, हे मला ठाऊक नाही आणि तसं मी कोणाला भासवतही नाही.

लिलाव घरी, संगणकासमोर झाला. अनामत रक्कम आधी भरलेली. शेवटच्या मिनिटांत कोणी बोली वाढवली की वेळ आपोआप पुढे सरकते, त्यामुळे दुपार लांबत गेली. समोर नाव नसतं, फक्त आकडा. मी मनाशी बांधलेला होता तो किलोंच्या हिशेबावरचा भाव, आणि त्यावर थोडं. व्यापारी त्या ‘थोड्या’च्या अलीकडे थांबला. कर धरून मला ती एका चांगल्या स्कूटरपेक्षा महाग आणि छोट्या कारपेक्षा बरीच स्वस्त पडली. ट्रेलरवर घालून नागपूरला आणली. कामठी रोडच्या गॅरेजमध्ये उतरवताना आजूबाजूची सगळी पोरं जमा झाली. (धोनीकडे जोंगा आहे हे 2019 नंतर सगळ्यांना कळलं आणि तेव्हापासून तिला ‘धोनीची गाडी’ म्हणतात. त्या दिवशी मात्र कोणालाच नाव सांगता आलं नव्हतं.)

गाडी हातात आली तेव्हा तोफ नव्हतीच. नंबरही नव्हता. सैन्याच्या गाडीच्या पाटीवर वर टोक केलेला बाण असतो, त्यापुढचे दोन आकडे म्हणजे ती सैन्यात आली ते साल. ती पाटी डेपोतच उतरवून घेतात. सैन्याच्या वाहनांची नोंदणी आरटीओकडे नसते, मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली त्यांची वेगळी व्यवस्था असते. म्हणून आपल्या आरटीओच्या लेखी ही गाडी जन्मलेलीच नव्हती. लिलावात घेतलेल्या लष्करी गाडीसाठी संबंधित अधिकाऱ्यांकडून फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पुढे काहीच होत नाही. ज्यांना अशी गाडी घ्यायची असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: इंजिनात डोकावण्याआधी हा कागद मिळणार आहे का ते विचारा. भंगार म्हणून विकलेल्या लॉटला तो मिळत नाही.

आणि मग रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 121 सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. मिस्त्रींना हे पटेना. “ताई, सगळ्यायच्या जीपा हिरव्या असतात न? कोन पकडते?” खरं आहे, फुटाळा तलावावर रविवारी संध्याकाळी हिरव्या जीपा उभ्या दिसतात, काहींवर बाण आणि तारेसुद्धा रंगवलेले. मला ते आवडत नाही आणि हे मी स्पष्टच लिहिते आहे. रात्री नाक्यावर उभा असलेला जवान त्या रंगावर विश्वास ठेवतो. तो रंग अंगावर असणारी गाडी कोणाच्या तरी हुकमाखाली असते, तिच्यात बसलेला माणूस कोणाला तरी उत्तर द्यायला बांधलेला असतो. मी तशी बांधलेली नाही. मग तो रंग माझ्याकडे कसा राहील?

खरवडायला घेतल्यावर एकाखाली एक थर निघत गेले. हिरवा, त्याखाली किंचित वेगळा हिरवा, पुन्हा हिरवा, आणि तळाला रेड ऑक्साइड. कुठे ब्रशने मारलेला, कुठे स्प्रेने. दारावर एका जागी आधीच्या एखाद्या खुणेचा चौकोन रंगाखालून उचललेला दिसत होता; काय खूण होती ते वाचता आलं नाही. तळापर्यंत गेल्यावर चेसिसवर हाताने ठोकलेले आकडे लागले. एक आकडा किंचित तिरका. ठोकताना कोणाचा तरी हात हलला असणार. मी त्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले होते, आणि बाबा तेव्हा हयात असते तर त्यांनाही दाखवला असता.

नवा रंग राखाडी दिला. मागच्या डिफरन्शिअलवर, म्हणजे मागच्या आसामधल्या गिअरच्या गोल पेटीवर, मात्र पांढरा गोल होता, तो ठेवला. सैन्याच्या गाड्या रात्री ताफ्याने जातात तेव्हा पुष्कळदा दिवे झाकलेले असतात. मागच्या ड्रायव्हरला दिसावा म्हणून पुढच्या गाडीच्या पोटाखालचा हा गोल पांढरा रंगवतात आणि त्याच्यावर एक बारीक दिवा सोडतात. आकाशातून तो दिसत नाही. नियमात पांढऱ्याला बंदी नाही, म्हणून तो दिवाही मी दुरुस्त करून घेतला.

कामठीच्या एका निवृत्त हवालदारांशी मिस्त्रींमुळेच ओळख झाली. ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याची यंत्रं सांभाळणाऱ्या कोअरमध्ये, त्यांची नोकरी गाड्यांखाली गेलेली. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरवर मूठ आपटली आणि विचारलं, “फर्स्ट परेड कोन करते हिची?”

सैन्यात गाडीचीही परेड असते. निघण्याआधी फर्स्ट परेड: तेल, पाणी, ब्रेकचं ऑइल, पट्टा, टायरची हवा, दिवे, आणि गाडी उभी होती त्या जागी जमिनीवर कसला डाग पडला आहे का. वाटेत थांबलं की हॉल्ट परेड. परतल्यावर लास्ट परेड: टाकी भरायची, चिखल धुवायचा, जे बिघडलं असेल ते त्याच दिवशी लिहून काढायचं. हॉल्ट परेड त्यांनी मला हाताला धरून शिकवली. “गाडी थांबली की आदी हबला हात लावाचा, चारी चाकं. एक बाकीच्यायपेक्षा गरम लागला त समजा बेअरिंग सांगून राह्यली तुमाले. मंग टायरच्या खाचेतले गोटे पाहाचे. मंग चहा.” हब म्हणजे चाकाचा मधला भाग. ‘मंग चहा’वर त्यांचा जोर होता. हे त्यांना विसाव्या वर्षी कोणीतरी शिकवलं, त्यांनी पुढे कितीतरी पोरांना शिकवलं, आणि साठीनंतर एका बाईला, जिचा सैन्याशी काही संबंध नाही. तोफ, नंबर, रंग यांतलं काही माझ्याकडे यायचं नव्हतं, ते बरोबरच. हे मात्र आलं. मी त्या लिलावात नेमकं काय विकत घेतलं, असं कोणी विचारलं तर मी हबला हात लावायची ही सवय सांगते. ती लॉटच्या यादीत नव्हती, आणि गाडी घेतल्याशिवाय मला ती शिकवायला कोणी आलंही नसतं.

उन्हाळ्याने पुष्कळ शिकवलं. नागपूरचा मे 45 अंशांच्या पुढे जातो आणि हे कार्ब्युरेटरचं इंजिन त्यात नीट चालायला तयार नसतं. पेट्रोलची नळी तापते, आतल्या आत पेट्रोल उकळून वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही. गाडी व्हरायटी चौकात सिग्नलला उभी राहिली की बंद. पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चालू. हवालदारसाहेबांनी नळी एक्झॉस्टपासून दूर नेली, मध्ये पत्र्याचा आडोसा केला, तेव्हापासून त्रास कमी झाला. लिटरला चार-पाच किलोमीटर देते, आणि प्रत्येक जण सुचवतो की डिझेलचं इंजिन बसवा. उत्तरेत बहुतेक जोंगांचं तेच झालं. पंजाबात मलोटला, हरियाणात मंडी डबवालीला जुन्या जीपांचे मोठे बाजार आहेत, तिथे इंजिन बदलणं ही रोजची गोष्ट. रोजीरोटीसाठी गाडी चालवणाऱ्याने बदललं तर त्यात गैर काहीच नाही. माझी रोजीरोटी तिच्यावर नाही, म्हणून ते इंजिन सांभाळणं मला माझं काम वाटतं. जबलपूरच्या माणसांचं सगळ्यात जास्त कसब त्याच तुकड्यात आहे.

पण ती शोभेची नाही. काटोलकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरसुद्धा रुततो, माती चाकाला धरून धरून मडगार्डपर्यंत चढते. ट्रान्सफर केस, म्हणजे चारी चाकांना जोर देणारा जास्तीचा गिअर, लो मध्ये टाकायचा, ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवायचा आणि गाडीला तिच्या गतीने जाऊ द्यायचं. आंबिया बहराच्या तोडणीला तिने खोकी वाहिली आहेत, आणि शेजारच्या गावातल्या एका बाळंतिणीला सडकेपर्यंत आणलं आहे, तेव्हा फटीतून पाऊस आत येत होता.

ती फट बुजवा, अखंड काच बसवा, असं सगळे सांगतात. मी इतवारीतून ताडपत्रीची पट्टी शिवून आणली, बटणांवर लावता-काढता येते.

2021 च्या जुलैमध्ये जुन्या गाड्यांसाठी नवे नियम आले. 50 वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात असलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी 20 हजार रुपये. माझ्या गाडीची पन्नाशी अजून पुढे आहे, पण ती भरली तरी मी तो नंबर घेईन असं वाटत नाही. त्या नंबरावर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला मनाई. काटोलच्या चिखलात जाता येणार नसेल तर तिच्या मूळ रूपातलं काय उरलं? दुसरीकडे 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही, चिलखती आणि तत्सम खास वाहनं वगळून. त्या आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांत जातात. हवेच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण चालू शकणारी जुनी सरकारी गाडी सामान्य माणसाच्या हाती लागायची वाट त्यामुळे अरुंद झाली, एवढं नक्की.

एक मागणी मात्र मी कधीपासून करते आहे. गाडी विकताना तिचं लॉगबुक देत नाहीत. ती कोणत्या पलटणीत होती, कुठल्या सीमेवर होती, हे मला कळू नये, मान्य. ती पानं काढून घ्या. पण इंजिन कधी उघडलं, गिअरबॉक्स कधी बदलला, कोणता भाग कधीच बदलावा लागला नाही, हे गुपित नाही. हा मिस्त्री आणि हवालदारांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेला अभ्यास आहे, आणि गाडी निघाली की त्याची रद्दी होते. बाबांचं काम मला दिसलं नाही याचं कारण सुरक्षेचं होतं आणि ते मी समजू शकते. बेअरिंगच्या नोंदीत कसली सुरक्षा?

गेल्या हिवाळ्यात तिला जबलपूरला नेलं. मनसर, देवलापार, खवासा, मग कुरईचा घाट, सिवनी, लखनादौन. घाटात तिने मागच्या नव्या गाड्यांना जरा थांबवलं असेल, पण स्वतः कुठे थांबली नाही. रांझीत, व्हेईकल फॅक्टरीच्या बाजूला, एका सुट्या भागांच्या दुकानदाराने त्यांच्या ओळखीच्या निवृत्त कामगारांना बोलावून घेतलं. इंजिन असेंब्लीत होते म्हणे. सत्तरीच्या पुढचे, मफलर गुंडाळलेले. माझ्या मनात पुष्कळ प्रश्न होते, चेसिसवरच्या तिरक्या आकड्यापासून सगळे. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करायला सांगितलं, आणि हात वर करून मला गप्प केलं. ऐकत राहिले. मग म्हणाले, “बेटी, टॅपेट किसने सेट किये? ढीले हैं.” खिशातून फीलर गेज, म्हणजे बारीक अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांचं हत्यार, काढलं. निवृत्त झाल्यावरही ते खिशात घेऊन हिंडतात. दुकानदाराच्या पोराला पाना आणायला पाठवलं आणि बारा व्हॉल्व्हचं अंतर एकेक करून बसवलं. मग हेड गॅस्केट कोणत्या दुकानात मिळेल ते सांगितलं आणि बजावलं की जाडी मोजून घे, हल्ली पातळ येतात. आम्ही दोन घेतल्या.